एकाशनाचा डबा

मित्रांनो, पितळेचा, तीन पुडांचा जुना डबा मी. निपाणीच्या तांबटाने मला ठोकून गोल केलं, आतून चांदीसारखी कल्हई दिली. पद्मावतीआक्कांच्या लग्नात त्यांच्याबरोबर सासरी आलो. तंबाखूच्या रानात वर्षानुवर्षं भाकरी नेली, कौतुक ऐकलं. मग स्टीलचे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो.

यंदा चातुर्मासात आक्कांनी एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. चुकलं, तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्यांनी मला खाली काढलं, चिंचेने घासलं.

एका सकाळी त्यांचे यजमान कलगोंडाअण्णा म्हणाले, "संकेश्वरात चार कामं हायत. चल, नदीचं पाणी बी बघू. घाटावर बसून दोघं जेवू."

स्कूटरच्या हुकाला मी लटकलो. वर मुगाची आमटी, मध्ये भात, खाली भाकरी.

चष्म्याची काडी बसवण्यात दुपार झाली. विळ्याला धार लावताना अण्णांचे दोस्त महादेव भेटले. उसाच्या गप्पा हॉटेलात जाऊन बसल्या.

"वहिनी, भजी घ्या की."

"एकाशन हाय, भावजी."

अण्णांनी मात्र दोन प्लेटी संपवल्या.

"अवो, चार वाजले," आक्का म्हणाल्या.

"आलो गं. पाच मिनिटं."

मला कंठ असता तर भर बाजारात ओरडलो असतो.

पुढे पूल. हिरण्यकेशी दुथडी वाहत होती. अण्णांनी व्हिडिओ काढला. बोट मध्ये आलं म्हणून परत काढला. पुण्याच्या लेकाला पाठवायला रेंज मिळेना, म्हणून पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. नदी भरली, काठ भरले, रिकामं काय ते आक्कांचं पोट.

घाटावर पोचलो तेव्हा आभाळ काळवंडलं होतं. आक्कांनी कडी काढली, पुडं मांडली आणि हात तिथेच थांबला.

"दिस मावळला."

अण्णांनी मोबाईल पुढे धरला. "अजून आठ मिनिटं हायत, बघ. ढगामुळं तसं वाटतंय."

"मोबाईलला कुठं नेम हाय? मला शंका आली, म्हंजे माझ्यापुरता मावळला. तुम्ही खावा. भजीवर भाकरी बी मावंल की."

अण्णांनी भाकरी मोडली. तुकडा हातात धरून बसले, मग परत ठेवला. पुडं एकावर एक चढवली, पण कडी काही त्यांना बसेना. उभ्या जन्मात कधी बसवलीच नव्हती. शेवटी उपाशी आक्कांनीच ती बसवून दिली.

परत येताना स्कूटर कुठेही थांबली नाही. आता कसली घाई होती, कोण जाणे.

मित्रांनो, मला लख्ख घासलं नाही तरी चालेल. पण कुणी तुमच्यासाठी जेवायचं थांबलं असेल, तर आधी डबा उघडा, पाणी मग बघा. नदी दुसऱ्या दिवशीही तशीच वाहत होती. आक्कांनी मात्र सकाळी उठून चूल पेटवली, ती भिंतीला हात टेकून.