माघ्या भगताची पांढरी पूड

दाभोशाचा माघ्या भगत दुसऱ्यांच्या पोटातली भुतं काढायचा आणि स्वतःच्या पोटातली आग विझवायला बायकोला जव्हारला पिटाळायचा. संस्थानच्या दवाखान्याला तो चारचौघांत नावं ठेवी. तिथलीच पांढरी पूड मात्र रोज जेवणानंतर, दार लोटून, पाण्यातून घेई. मोठा ढेकर आला की छातीतली जळजळ बसे आणि भगताला पुन्हा देव आठवे.

पूड आणायची लाडकीनं, त्याच्या बायकोनं, तीही स्वतःच्या नावावर. भगताचंच पोट जळतं हे कळलं तर लोक त्याचा अंगारा कशाला घेतील? म्हणून लाडकी डोंगर चढून जायची आणि डॉक्टरांसमोर नवऱ्याचं दुखणं आपलं म्हणून सांगायची. डॉक्टर तिलाच झापायचे. "बाई, या पुडीनं जळजळ थांबते, आतली जखम भरत नाही. मोहाची दारू सोड, तिखट सोड. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर तडक इथं ये." नवऱ्याच्या वाट्याची बोलणी खाऊन लाडकी घरी यायची आणि सगळं त्याला सांगायची.

"देवाची दारू हाय ती," माघ्या म्हणायचा. "नाय म्हनलं तर देव कोपंल."

देव बिचारा यावर कधी काही बोलला नाही. दारू मात्र माघ्याच्याच घशाखाली उतरायची, आणि तिच्यावर नवसाच्या कोंबड्याचा झणझणीत रस्सा.

भाताची कापणी संपत आली तेव्हा माघ्या खळ्यावरच चक्कर येऊन पडला. शौचाला काळं होऊ लागलं होतं. लाडकी म्हणाली, "झोळी करू, जव्हारला नेऊ."

"मला दवाखान्यात नेलंस तर आपल्या दारात पुना कोन येल?" माघ्या म्हणाला. सुंभ जळत होता, पण पीळ काही जळत नव्हता.

दुखणं कोणी लावलं ते भगत तांदळाच्या दाण्यांत बघतो, पण स्वतःचे दाणे स्वतः बघायचे नाहीत, अशी रीत. म्हणून भाऊबंदांनी पलीकडच्या पाड्यावरच्या सोम्या भगताला बोलावलं. सोम्याला मानाची दारू दिली, तेव्हा आडव्या पडलेल्या माघ्यानंही आपला वाटा सोडला नाही. मग सोम्यानं सुपात तांदूळ टाकले, बोटानं इकडेतिकडे सारले. वाटेत त्याला कोणीतरी या घरातलं जे सांगितलं होतं, नेमकं तेच दाण्यांनीही सांगितलं.

"घरातली बाय जव्हारवरनं कायतरी पांढरं आनते. लपून ह्याला चारते."

अंगणात सगळा पाडा जमला होता. माघ्याचा धाकटा भाऊ रघ्या आत शिरला आणि कुडाच्या फटीत खोचलेली पुडी घेऊन बाहेर आला. मागून कोणीतरी म्हणालं, "भुताळी. हिनंच करनी केली."

या शब्दापुढे काय येतं ते लाडकीनं पाहिलेलं होतं. शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हातारीला झाडाला बांधून मारलं होतं. तिचं नावही असंच दाण्यांत निघालं होतं, आणि ते दाणे माघ्यानंच टाकले होते.

"सांग की रं," ती माघ्याला म्हणाली. "ही पूड कोनाची ते सांग यांना."

माघ्या पडवीत गोधडीवर पडला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग लोकांकडे बघितलं आणि कुडाकडे तोंड फिरवलं.

लाडकीला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त शिसारी आली. या माणसासाठी ती वर्षानुवर्षं खोटं बोलली, आणि याला तिच्यासाठी एक खरा शब्द बोलवेना! रघ्यानं तिचा दंड धरला. बायका पोरांना मागे ओढू लागल्या.

आणि मानाची दारू माघ्याच्या पोटात पेटली. तो पोट धरून गोळा झाला, विव्हळला, आणि सरपटत पडवीच्या कडेला आला. "पूड! पूड दे गं!"

लाडकीनं रघ्याच्या हातातली पुडी हिसकावली आणि मुठीत धरली.

"कोनाची?"

"माझी!"

"मोठ्यानं बोल."

"माझीच हाय! मीच आनवतो, जळतंय म्हनून. दे ना गं!"

रघ्यानं दंड सोडला. सोम्यानं खाली मान घालून सुपातले तांदूळ गोळा करायला घेतले. आता त्याला त्यांत काही दिसत नव्हतं.

लाडकीनं पूड पाण्यात ढवळली आणि वाटी नवऱ्यापुढं ठेवली. "ह्यानं आग विझंल, जखम नाय भरायची. रघ्या, झोळी बांध. डागदरला सांग, काळं व्हतंय."

"तू चल," माघ्या म्हणाला.

"माझा जीव जात व्हता तवा तुझं तोंड उघडलं नाय. पोट जळलं तवा उघडलं. तुझ्यापरीस तुझं पोट इमानी."

झोळी जव्हारच्या वाटेला लागली. लाडकी वांगणीला, भावाकडे निघून गेली.