केसांखालची काया

वस्तादांचा हात कुत्र्याच्या पाठीवरून फिरू लागला की भोवतालची माणसं बोलायची थांबत. प्रदर्शनात उतरवायच्या कुत्र्यांची अंगं घडवणं हे त्यांचं काम. कुणाचं पाव किलो उतरवायचं, कुणाला मूठभर चढवायचं, हे ते डोळे मिटून सांगत. लांब केसांच्या जातीत डोळ्यांचा उपयोग तरी काय? केस म्हणजे झूल. झुलीखाली मांस आहे की नुसता सापळा, ते हातालाच कळतं.

हे शिकवायला त्यांनी एक ओवी जुळवली होती. आधी आपल्याच वळलेल्या मुठीची हाडं चाचपायची, मग उघडा तळवा, मग पसरलेल्या हाताची मागली बाजू. आणि मग कुत्र्याच्या बरगडीवर हात ठेवायचा.

मूठ लागे बरगडीला, बाई उपाशी राहिली
तळवा लागे बरगडीला, बाई खाऊन माजली
पालथा गं लागे हात, तिची काया साजली

मुलाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत, म्हणून ही विद्या सुनेच्या पदरात पडली. लग्न होऊन आली तेव्हा ती कुत्र्यांना भिऊन दारातूनच बोलायची. पुढे फणी धरली, आणि विंचरता विंचरता ओवी गुणगुणायला लागली. सासरे मागून म्हणायचे, गळा राहू दे, बोटं जागेवर ठेव.

आणि मग वस्तादांचीच बोटं गेली. हाताला होती, पण गेली. आधी नुसत्या मुंग्या. मग एकदा केस वाळवायच्या यंत्राच्या तापल्या तोंडाला बोटं टेकली, आणि जळल्याचा वास नाकाला आला तरी हाताला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर, गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळा. वस्तादांनी सांभाळलं ते एवढंच, की कुणाला कळू दिलं नाही. सुनेनं फोड पाहून विचारलं, तर लक्ष नव्हतं म्हणाले. त्याच आठवड्यात कामाच्या खोलीत वजनकाटा आला. ज्या काट्याची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती, त्याला हाड कळतं का मांस म्हणून, तोच.

कापशी त्यानंतर आली. पांढरीशुभ्र, पायांपर्यंत केस, चालली की ढग सरकल्यासारखी. तिची मालकीणबाई घरात एकटीच; दिवसभरात जे काही बोलायची ते कापशीशी. प्रदर्शनासाठी रोज सकाळी ती तिला विंचरायला, खायला वस्तादांकडे आणायची. बावीस किलोला कापशी नेमकी, असं वस्तादांनी ठरवलं, आणि कापशी बावीसवर थांबली ती थांबलीच. काट्याकडे बघून त्यांना मनातून हायसं वाटे. हात नसला तरी चालतंय.

एके सकाळी विंचरताना सुनेची फणी थांबली. "मामंजी, मूठ लागतेय हिला."

वस्तादांनी हात ठेवला. घडी घातलेल्या रजईवर ठेवावा तसा. काही वेळ चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाले, काट्यावर घे. बावीस. मग मूठ कुठली?

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा तेच सांगितलं, पाठीचा कणाही लागतोय म्हणाली. या वेळी ते चिडले. "काल फणी धरलीस, आणि मला बरगडी शिकवतेस?"

बाजूला जाऊन तिनं आपली मूठ चाचपली, पालथा हात चाचपला, परत मूठ. एवढा मोठा हात म्हणतोय ठीक आहे, तर खोट आपल्याच बोटांत असणार. कापशी ताटलीत अन्न तसंच टाकून उठू लागली होती, तेही तिनं सांगितलं. त्यावर वस्ताद म्हणाले, वजन उतरत नाही ना? मग शहाणी आहे, पोट भरलं की थांबते. तुझ्या नवऱ्याला शिकव म्हणावं.

पोटाची रेघ मात्र खाली आली होती. ती वस्तादांच्या डोळ्यांनाही दिसली. त्यांना वाटलं, केस वाढलेत. त्यांनी कात्री घेतली आणि पोटाखालचे केस असे कोरले, की केसांतूनच बारीक कंबर उभी राहिली. काम देखणं झालं. मालकीणबाई कापशीला आरशासमोर उभी करून कितीतरी वेळ बघत बसली.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कापशीचे दात बघितले, चाल बघितली, मग केसांत हात घातला. हात पाठीवर थांबला. बरगड्यांवर आला, परत पाठीवर गेला. मग त्यांनी एक तळवा पोटाच्या एका अंगाला लावला आणि दुसऱ्या अंगाला बोटांनी हलकेच टिचकी मारली. मडक्यातलं पाणी हलावं तसं काहीतरी त्यांच्या तळव्याला लागलं असावं. त्या वस्तादांच्या कानाशी वाकल्या.

"काका, हिला हात लावला होता तुम्ही?"

"रोज लावतो," वस्ताद म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कापशीला रांगेतून बाहेर घेतलं आणि तडक डॉक्टरकडे न्यायला सांगितलं.

यकृतात गाठ होती, आणि ती आता सगळीकडे पसरली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं: अंगावरचं मांस झिजत गेलं आणि तेवढंच पाणी पोटात चढत गेलं, म्हणून काटा हलला नाही. गाठ लहान असताना आणली असती, तर कापून काढता आली असती. आता वेदना थांबवणं एवढंच हातात आहे.

मालकीणबाई सुनेकडे वळली. "रोज विंचरत होतीस तू. तुझी बोटं काय मेली होती?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. वस्ताद फरशीकडे बघत होते, आणि फरशीकडेच बघत राहिले. तेव्हा सुनेनं मान खाली घातली आणि तो बोल आपल्या अंगावर घेतला.

कापशीला टेबलावर आडवी केली. डोकं मालकीणबाईच्या मांडीशी, पाय सुनेच्या हातात. डॉक्टरांनी कायमच्या झोपेची सुई दिली. वस्ताद जवळ आले, केसांत हात घालून त्यांनी तळवा बरगड्यांवर ठेवला, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून डोळे मिटले. असंख्य जनावरं या हाताखाली निवली होती. हात हळूहळू फिरवत ते पुटपुटत राहिले, निज गं, निज माझी बाय. डॉक्टरांनी ठोके ऐकायची नळी कानांतून काढून टेबलावर ठेवली, तरी हात फिरतच होता.

"गेली का गं?" त्यांनी डोळे न उघडताच सुनेला विचारलं.

मालकीणबाईनं मान वर केली. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, बोटांवरच्या जळक्या डागांकडे पाहिलं.

"मघाशीच, मामंजी," सून म्हणाली, आणि पुढे होऊन तिनं त्यांचा हात उचलून घेतला.