जाळलेला गूळ

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्रिशलाने पत्ताकोबीचं पहिलं पान सुटं केलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. पानाच्या शिरांवर काही हलत नव्हतं. ते ताटात ठेवून तिने दुसरं काढलं. मंदिराच्या कॅलेंडरवर आजचा सूर्यास्त पाच एकेचाळीसचा होता. त्याआधी रांधून, वाढून, जेवून, चूळ भरून व्हायला हवं होतं. आणि कोबीला पानं पुष्कळ असतात.

शाळेतून येऊन तिला वीस मिनिटं झाली होती. चपला काढत होती तेवढ्यात सासरे, हुकूमचंद, काठी टेकत दाराशी आले होते.

"त्रिशला, मले आज ते चायनीज करून दे. तिखट."

ती साडी न बदलताच ओट्याशी उभी राहिली. जीपमध्ये कोपऱ्यावर बसून आल्याने पाठ भरून आली होती. चौथं पान धरताना तिने कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवलं.

आषाढात सासूबाई गेल्या. तेव्हापासून हुकूमचंदांचे दोन फुलके एकावर आले, एकाचा अर्धा झाला. गेल्या शुक्रवारी वाशीमच्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. शेहेचाळीस किलो. याच्या खाली गेलं तर भरती करावं लागेल, म्हणाले. परवा पुन्हा जायचं होतं. पण शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शन घेऊन आल्यापासून, महिना झाला, म्हाताऱ्याला मधूनच काहीतरी आठवायचं. एकदा बासुंदी मागितली. आठवड्याने दालबाटी. मग मुगाची कचोरी. घास चारच, पण ताटात काही उरायचं नाही. प्रत्येक वेळी त्रिशलाला वाटायचं, आली भूक.

दुकानातून पियूषचा फोन आला. तिने तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"बाबूजी चायनीज मागून राह्यले."

"कोन? आपले बाबूजी?" नवरा हसला. "पंधरा वर्षं समोरच्या चायनीजच्या गाडीकडं पाठ करून बसत होते दुकानात. वास आला का उदबत्ती लावत."

"मंग काय करू?"

"कर ना. खाऊन राह्यले हेच लय झालं. मले बी थोडं ठेवजो."

"सूर्य थांबवून ठेवता का तुमच्यासाठी?"

"मले नाई जमत. तू सांगून पाय."

तिने फोन ओट्यावर ठेवला. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, गाजर नाही. बाटलीतला सॉस आंबवलेला, म्हणून तोही नाही. रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती थप्पीला लागली होती, पण त्याचा सॉस या घराचा उंबरा ओलांडणार नव्हता. मग तिने पाच सुक्या मिरच्या गरम पाण्यात टाकल्या, टमाट्याबरोबर वाटल्या. आंबटपणाला लिंबू. राहिला तो काळपट रंग. तो कसा आणायचा हे तिला ठाऊक होतं. सासूबाई कांद्याशिवाय बेसनाच्या पातोडीचा रस्सा काळा करायच्या तो असा: पळीत गुळाचा खडा, पळी आचेवर, गूळ फसफसून काळा झाला की पाण्याचे चार थेंब. शेवटच्या उन्हाळ्यात त्या खाटेवर पडून सांगायच्या आणि त्रिशला करायची. 'अजून जाळ. भिऊ नको,' त्या म्हणायच्या.

कढई तापून धूर निघाल्यावर तिने कोबी टाकला, ढोबळी मिरची, घेवड्याच्या शेंगा. घरच्या गॅसची आच ती किती. पाणी सुटू नये म्हणून ती झारा एक क्षण थांबवत नव्हती. वाटण पडलं तेव्हा ठसका घरभर गेला. बाहेरच्या खोलीत हुकूमचंद खोकले. मग त्यांचा आवाज आला.

"बराबर हाय. हाच वास."

पाच पंचवीसला ताट वाढलं. ते पाटावर बसले, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणाले आणि पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. थांबले नाहीत. त्रिशला पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली. आज चार नव्हे, नऊ घास गेले. तिच्या पाठीचं दुखणं कुठल्या कुठे पळालं होतं.

"अजून वाढू?"

"नको. झालं." त्यांनी ताटात पाणी ओतलं, बोटाने ताट धुतलं आणि ते लालसर पाणी पिऊन टाकलं, रोजच्यासारखं. "मनात होतं इतकी वर्षं. आता सुटलं."

"काय सुटलं?"

"हे. आता नाई खाणार."

"आवडलं नाई काय?"

"आवडलं ना. म्हनून तं."

परवा नणंद बासुंदी घेऊन आली होती. त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली होती. साखरेची भीती वाटत असेल, असं तेव्हा त्रिशलाला वाटलं होतं. कचोरीही पुन्हा कधी मागितली नव्हती. दालबाटीही. तिने तांब्या जमिनीवर ठेवला, तो जरा जोरात टेकला. सासूबाईंची थोरली बहीण याच वाटेने, संथारा घेऊन, गेली होती. आधी आवडीचं सोडलं, मग धान्य, मग दूध, शेवटी पाणी.

"मुनीमहाराजांले विचारलं तुमी?" तिने विचारलं.

"अजून नाई. सध्या आवरून राह्यलो फक्त. दुकान बंद करायचं तं आधी शोकेस रिकामी करा लागते, बेटा."

"तुमच्या पोराले माहीत हाय?"

"त्याले कायले? तो रडन."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. खिडकीतलं ऊन कोबीच्या टाकलेल्या पानांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं.

"अजून किती राह्यलं?" तिचा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा निघाला.

"एकच. तुह्या सासूची पातोडी." ते काठी शोधू लागले. "एकडाव खाल्ली असती तं सोडता आली असती. न खाता सोडतो म्हटलं तं मन आयकत नाई. आज हा रंग पायला अन् तिचाच रस्सा आठवला." त्यांनी मान वर केली. "तुले येते काय वं पातोडी?"

कढई ओट्यावर होती. पळीला जाळलेल्या गुळाचा काळा थर तसाच होता.

"नाई," त्रिशला म्हणाली. "मले नाई शिकवली त्यांनी."

हुकूमचंदांनी पळीकडे पाहिलं. मग सुनेकडे. 

"बरं," ते म्हणाले आणि चूळ भरायला उठले.

सूर्यास्त पाच एकेचाळीसला झाला.

शुक्रवारी वाशीमला काट्याने शेहेचाळीसच दाखवले. डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारी बोलावलं. घरी आल्यावर हुकूमचंदांनी वरण-भात मागितला आणि अर्धी वाटी खाल्ला. बेसनाचा डबा कुठे ठेवलास, असं त्यांनी शनिवारी सकाळी एकदा विचारलं. संपलं, असं तिने सांगितलं.