भोपळ्याचं वजन

खोलीत दोन पलंग होते, तीन उशा, एक खुर्ची आणि भिंतीलगत नऊ खणांचा लोखंडी हीटर, त्यातले पाचच खण गरम व्हायचे. खिडकीवर पडद्याच्या अकरा कड्या होत्या आणि पडदा अर्ध्या खिडकीपुरता. बॅगा चार. त्यातली एक ताईची, तिच्या जुन्या पत्त्याची चिठ्ठी अजून कडीला लटकत होती. आत मुलांचे कपडे होते. माणसं तीन: मी, माझी सहा वर्षांची भाची आणि तिचा सव्वा वर्षाचा भाऊ. भाचीला घरात सगळे थोरली म्हणतात आणि भावाला भोपळा, कारण जन्मला तेव्हा तो तसाच दिसायचा.

ताईला जाऊन दीड महिना झाला होता. भावोजी या देशात पाणी शुद्ध करायच्या एका केंद्रावर पंप सांभाळतात. ते आले, सगळं उरकलं, रजा संपली आणि परत गेले. मुलांची कागदपत्रं तेव्हा तयार नव्हती. ती तयार झाली तेव्हा प्रश्न आला की मुलांना पोचवायचं कुणी. माझं रसायनशास्त्राचं एमएस्सी नुकतंच संपलं होतं आणि नोकरी लागायची होती. घरात रिकामी मीच होते.

निघायच्या आधी आईने एक अट घातली. ताई गेल्यापासून भोपळा नीट खात नव्हता, आणि डॉक्टर म्हणाले होते की नऊ किलोच्या खाली गेला तर हयगय करू नका. आईने ते वाक्य घट्ट धरलं. नऊच्या खाली गेला की मी परत येताना त्याला बरोबर आणायचं. थोरलीची शाळा तिकडे ठरली आहे, ती बापाजवळ राहील. फोनवर भावोजी बरं म्हणाले. थोरली टेबलाखाली बसून चपलेचा बंद लावत होती. तिने तिथूनच विचारलं, "म्हणजे मी एकीकडे आणि भोपळा एकीकडे?"

भावोजींच्या गावी जायच्या आधी मोठ्या शहरात थांबून मुलांची ओळखपत्रं घ्यायची होती. त्यासाठी ही खोली. न्हाणीघरात काचेचा वजनकाटा होता, म्हणून मी पहिल्याच सकाळी कामाला लागले. काटा खरा आहे का ते आधी पाहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक-एक किलोच्या पाच तांदळाच्या पिशव्या आणल्या आणि एकावर एक रचल्या. पाच पूर्ण. थोरली म्हणाली, "मावशी, एवढा भात कोण खाणार?"

भोपळा काट्यावर उभा राहायला तयार नव्हता. काच गार लागली की दोन्ही पाय पोटाशी घ्यायचा आणि माझ्या गळ्याला लोंबकळायचा. म्हणून मी प्रयोगशाळेतली रीत वापरली. तिथे रिकाम्या बशीचं वजन सुरुवातीला एकदा करतात. मग तिच्यात जे ठेवायचं ते ठेवायचं, आकडा घ्यायचा आणि बशी वजा करायची. पाच वर्षं मी हेच करत आले होते. मी एकटी: बावन्न पॉइंट सहा. भोपळ्याला कडेवर घेऊन: बासष्ट पॉइंट चार. म्हणजे भोपळा नऊ पॉइंट आठ. आईला फोन केला. ती म्हणाली, ठीक आहे, पण रोज बघ.

रोज सकाळी मी त्याला बनियनवर कडेवर घ्यायची, काट्यावर उभी राहायची आणि बावन्न पॉइंट सहा वजा करायची. मग आम्ही कचेरीत जायचो. तिथे टोकन घेऊन बसायचं. भिंतीवर आकडे बदलायचे. ते तेवढे वाचता यायचे, बाकी पाट्या नाहीत. दूध म्हणून गाईचं चित्र असलेला डबा आणला तो आंबट निघाला. दुसऱ्या दिवशी चित्र नसलेला आणला, तो बरोबर होता. चौकात रस्ता ओलांडायचा दिवा टिकटिक करायचा आणि थोरली त्या टिकटिकीवर एका पायाने उड्या मारत पलीकडे जायची. लोक वाट देत होते. एका बाईने भोपळ्याचा खाली पडलेला मोजा उचलून माझ्या हातात दिला. मी मान हलवली. त्या दिवसांत मला बरं किंवा वाईट असं काही वाटायचं नाही. ताई आठवायची ती एखाद्या पत्त्यासारखी, सगळी माहिती बरोबर आणि पुढे काही नाही.

भोपळा खाताना नखरे करायचा, पण खायचा. मऊ भात, अर्धं केळं, दुधात बुडवलेला पाव. थोरली त्याच्यासमोर माकडाची तोंडं करायची आणि त्याने आ केला की मी चमचा आत घालायची. ताटलीत राहील ते मी कचऱ्यात टाकून भांडी घासायला घ्यायची. संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"तू जेवलीस का?"

"भोपळ्याने सगळा भात खाल्ला," मी सांगायची.

तरीही आकडा उतरत होता. नऊ पॉइंट सहा. नऊ पॉइंट चार. ओळखपत्रं मिळाली त्या दिवशी नऊ पॉइंट एक. मी जुलाब आहेत का पाहिलं, लंगोट किती वेळा ओला होतो ते पाहिलं, रात्री कपाळाला हात लावून पाहिला. सगळं ठीक होतं. तो पलंगाखाली शिरून माझी चप्पल चावत होता. पण काटा मी स्वतः तपासला होता, त्यामुळे मी काट्यावर विश्वास ठेवला.

शहरातल्या शेवटच्या सकाळी आकडा वाढला. मी त्याला खाली ठेवलं तेव्हा लंगोटात काहीतरी टणक लागलं. दोन दगड होते, चौकातल्या झाडाच्या आळ्यातले, धुऊन पुसलेले. थोरली दारात उभी होती.

"त्याला टोचले नाहीत," ती म्हणाली. "मी गुळगुळीत बघून घेतले."

दगड खिडकीत ठेवले आणि त्याला पुन्हा कडेवर घेतलं. आठ पॉइंट आठ. मी आईला आकडा कळवला. आई म्हणाली, मला वाटलंच होतं, आणि मग म्हणाली की तिने त्याचा पाळणा माळ्यावरून काढून ठेवला आहे. भावोजींना कळवलं तेव्हा त्यांनी भोपळ्याचं परतीचं तिकीट काढतो एवढंच सांगितलं. थोरली सगळं ऐकत होती. आगगाडीत तिने स्वतःची सगळी बिस्किटं त्याला भरवली. मी तिला म्हटलं, एकदम नको, ओकेल. ती म्हणाली, "तू नको सांगूस. तुला फक्त वजाबाकी येते."

थट्टा करतानाही ती अशीच बोलायची. गाडीतून उतरताना मी एका हाताने बॅग ओढत होते आणि दुसऱ्याने पँट वर करत होते. तिने मागून सांगितलं, "मावशी, तू ना, पोत्यात घातलेल्या केरसुणीसारखी दिसतेस."

भावोजी फलाटावर आले होते. त्यांनी आधी भोपळ्याला घेतलं आणि हातात जोखल्यासारखं केलं, मग थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. घरी एकच खोली आणि स्वयंपाकघर होतं. त्यांनी मुलांसाठी दोन छोटे पलंग करून घेतले होते, एक साधा आणि एक कठड्याचा. मी कठड्याच्या पलंगाकडे पाहिलं. ते म्हणाले, आधीच केला होता.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात, भावोजींच्या काट्यावर, मी तेच केलं. भोपळ्यासह एकसष्ट पॉइंट एक. वजा बावन्न पॉइंट सहा. आठ पॉइंट पाच. भावोजींनी रजेचा निरोप पाठवला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. त्यांना परतीच्या प्रवासाआधी डॉक्टरचं मत हवं होतं.

नर्सने भोपळ्याला उघडा करून पाळण्यासारख्या काट्यात निजवला. तिथे पाय टेकायचा प्रश्नच नव्हता. तो रडला, मग छताकडे बघत गप्प झाला. आकडा स्थिर झाला: नऊ पॉइंट नऊ.

मी पुन्हा करायला सांगितलं. तिला माझी भाषा कळली नाही, पण बोट कळलं. तिने त्याला उचललं, काटा शून्यावर आला, तिने त्याला पुन्हा निजवलं. नऊ पॉइंट नऊ.

थोरली घाईघाईने म्हणाली, "मी दगड नाही घातले. शप्पथ."

"काटा बिघडलेला असेल," भावोजी मला म्हणाले.

"एक बिघडेल. दोन्ही सारखेच कसे बिघडतील?"

"मग?"

मी उभ्या उभ्या विचार करत होते. भोपळ्यासह आकडा रोज उतरला, हे खरं होतं. भोपळा उतरला नव्हता, हेही खरं होतं. बेरजेत दोनच जण होते.

"मी माझं वजन एकदाच केलं होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पँटीकडे, जी मी अजून एका हाताने धरली होती. त्यांनी विचारलं, "शेवटचं नीट कधी जेवलीस?" मला भोपळ्याने काय खाल्लं ते सगळं आठवत होतं. थोरलीने काय खाल्लं तेही. मी ते सांगू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. आवाज चढवला नाही. दोन्ही मुलं माझ्याजवळ राहतील, म्हणाले, पाळणा माळ्यावर ठेवून द्या. पलीकडून आई काहीतरी विचारत होती. ते म्हणाले, हो, नऊ पॉइंट नऊ, इथे आडवं निजवून केलं. थोरलीने भोपळ्याचा पाय मुठीत धरला होता आणि तो सोडायला ती तयार नव्हती, त्यामुळे नर्सला त्याला मोजा एकाच पायात घालता आला.

कोपऱ्यात मोठ्यांचा काटा होता. नर्सने तो बोटाने दाखवला. मी बूट काढले, खिशातल्या किल्ल्या भावोजींकडे दिल्या आणि एकटी वर उभी राहिले.

एकावन्न पॉइंट दोन.