निकिताचा दिवस

थापा मारायची मला कधीच लाज वाटली न्हाय. आमच्या म्हशीनं एकदा ढगच पिऊन टाकला, म्हणून त्या साली आमच्या बेंबळी गावात पाऊस झाला न्हाय, हे म्या शपथेवर सांगितलंय आन् बायांनी माना डोलावल्यात. पण परवा जे बोलले, त्यानं अजून मान वर व्हईना.

धाराशिवच्या कॉलेजातली मैथिली नावाची पोरगी टॅब घेऊन दारात आली. म्हणाली, "आजी, घरातल्या बायका दिवसभर किती राबतात, ते कुणी मोजत नाही. म्हणून आम्ही लिहून घेतोय. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय केलं?"

काल म्या काय केलं व्हतं? लिंबाखाली बसून मिसरी लावली, शेजारच्या नागूबाईसंगं गप्पा हाणल्या, जेवले, निजले. हे काय लिहून घ्यायजोगं हाय व्हय?

मग सुटले. "चारला उठले. शेण काढलं. म्हशीची धार काढली. तिनं लाथ मारली, ती वरच्यावर झेलली. वीस भाकरी थापल्या. नळाचं पाणी भरलं. रानात जाऊन दिवस मावळंस्तोवर सोयाबीन खुरपलं, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात साप! घरी येऊन परत सैपाक, भांडी."

"या वयात?" पोरीचे डोळे हे एवढे झाले. मला लई ग्वाड वाटलं.

मग तिनं माझ्या सुनंला, निकिताला हाक मारली. "ताई, तुम्ही काल काय केलं?"

निकिता पिठाचे हात घेऊनच भाईर आली. माझ्याकडं बघितलं. लाथ आन् साप सोडले, तर म्या सांगितलेला सगळा दिवस तिचा व्हता. खरं सांगावं, तर सासू दारात खोटी पडती.

"मी? मी बसूनच व्हते," म्हणाली आन् आत गेली.

पोरीनं टॅबवर बोट फिरवलं आन् वाचून दाखवलं. "सून. काम नाही. विश्रांती चौदा तास."

मग ती पोरगी शेजारी नागूबाईच्या वसरीवर गेली. आमच्या घरातनं निकिताच्या भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मला बसवंना. तशीच उठले, पोरीच्या मागं गेले. तिथं चार-पाच बाया जमल्या व्हत्या.

"ए पोरी, ते खोड. म्या सांगितलं ते सगळं निकिताचं हाय."

"मग तुमचं काय लिहू, आजी?"

"बसले व्हते, लिही."

नागूबाईनं वसरीवरनं माझं सगळं ऐकलं व्हतं, ती फिसकन हसली. "धुरपदे, साप बी सुनंचाच का गं?"

बाया खदखदा हसल्या. रोज मीच हसवते त्यास्नी. त्या दिशी मातर तोंडाला पदर लावून घरी आले.

जेवणं झाल्यावर गुमान मोरीत बसले, भांडी घासायला घेतली. निकिता दारात येऊन उभी राहिली.

"ठिवा, आत्याबाई. ती पोरगी कवाच गेली."

खोडून आले म्हणून सांगावं वाटलं. पण माझं खरं मानायची सवय तिला कुठनं आसणार? खाली मान घालून तवा घासत राहिले.