चाळीस इशारे

शेडमध्ये चोवीस माग होते. बावीस चालू, एक सूत तुटून थांबलेला, एक दुरुस्तीला उघडलेला. मापक पंच्याण्णव डेसिबल दाखवत होता. छोट्या शिकाऊ विमानाच्या कॉकपिटमध्येही साधारण एवढाच गोंगाट असतो, म्हणून तर अनुजा कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून पेटी घेऊन इचलकरंजीला आली होती.

पेटी तिनंच बनवलेली. ती बोलून इशारा द्यायची. वैमानिकानं तो परत म्हणून दाखवला की ओळखून पडद्यावर नोंदायची. उद्या सकाळी ती विमानात बसवायची होती आणि विमान उडवणार होती अनुजाची मैत्रीण संयोगिता.

दस्तगीरचाचा तीस वर्षं मागावर. गळ्याला माइक लावून ते समोर स्टुलावर बसले. हातातल्या यादीवर खुणा करताना अनुजा प्रत्येक इशारा पेटीबरोबर पुटपुटत होती, जुनी सवय. चाळीस इशारे, चाळीस बरोबर. विमान चालवायला कधीपासून येऊ, असं चाचांनी तिच्या हेडफोनमध्ये विचारूनही घेतलं.

अहवाल पाठवण्याआधी आणखी एक फेरी घ्यावी, असं तिला वाटलं. हवेतली रुई नाकात जात होती. तिनं ओढणीनं नाकतोंड बांधलं आणि बटण दाबलं.

पहिला इशारा. चाचा गप्प. दुसरा, तिसरा, दहावा. वायर निसटली असेल म्हणून तिनं तपासली, जागेवर होती. स्पीकरला हात लावला. तो थरथरत होता. तेवढ्यात हेडफोनमध्ये चाचांचा आवाज आला, अगदी सहज.

"ताई, तोंड बांधल्यावर कसं ऐकू येणार? सोडा की ते."

अनुजानं यादीवरच्या खुणांकडे पाहिलं. ह्या शेडमध्ये कानानं कुणी ऐकतच नव्हतं. सगळे ओठ वाचत होते, आणि चाळीसच्या चाळीस वेळा चाचांनी तिचेच ओठ वाचले होते.

बाहेर येऊन तिनं तिथं थांबलेल्या संयोगिताला सांगितलं. चाचांचे कान मागावर गेलेत, तुझे चांगले आहेत, कदाचित तुला येईल ऐकू, असं काहीबाही ती बोलत राहिली.

"कदाचित काय? उद्या वर मी हाय," संयोगिता म्हणाली. "चल, तुझ्याकडं पाठ करून बसतो. तू ओढणी तशीच ठेव."

तोवर तुटलेलं सूत जोडून झालं होतं. तेवीस माग चालू, मापक पंच्याण्णववरच. अनुजानं पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत सगळे इशारे वाजवले.

चाळीसपैकी अकरा.