दासोमची मावशी

गुरुवार होता, आणि मालसुनआजींच्या खाणावळीत रोज असते तेवढीच गर्दी होती. जोंजू शहराच्या दक्षिण बाजारात या दुकानाची पाटी लांबून दिसते: आजींचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरं, ‘आजीच्या हातची चव, चाळीस वर्षं’. मातीच्या भांड्यात मोड आलेल्या सोयाबीनचा उकळता सूप-भात, त्यावर फोडलेलं अंडं आणि शेजारी किमची, म्हणजे मुळ्याचं आंबवलेलं तिखट लोणचं. खाणारा घाम पुसत म्हणे, “आजी, काय हो तुमच्या हाताला चव!” गल्ल्यावर बसलेल्या आजी हसून मान लववत.

त्या हातांनी सहा वर्षांत साधा कांदासुद्धा चिरला नव्हता. मनगट मोडल्यापासून आतलं सगळं ल्येन करी. ल्येन म्हणजे आजींची सून, व्हिएतनामच्या एका नदीकाठच्या खेड्यातून दलालामार्फत आणलेली. आमच्याकडे लग्नाविना राहिलेल्या, वय उलटलेल्या मुलांसाठी ही रीतच पडली आहे. मुलगी परदेशातून आणायची, तिला इथलं नाव ठेवायचं, आणि ती कुठून आली हे चारचौघांत काढायचं नाही. ल्येनची ‘योन-ही’ झाली. मोड शिजताना झाकण उघडायचं नाही, सुकी मासळी आधी कोरडी भाजायची, एवढं आजींनी एकदा दाखवलं होतं. पुढची चव ल्येनची होती.

स्वयंपाकघराला एक खिडकी होती. तिथून गिऱ्हाइकं हाक मारत, “मावशी, किमची आणा!” आमच्याकडे खाणावळीतल्या कुठल्याही बाईला मावशीच म्हणतात. ल्येनला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ती खुशीत होती. दुकानाला नवी पाटी लागणार होती, ‘तीन पिढ्यांची चव’. तिचा नवरा दे-शिक गोड बोलण्यात पटाईत. महिनाभर तो सांगत होता, “आई, तू आणि आपली दासोम. तिघींचा फोटो मोठ्ठा लावू. मग बघ, बाजारात तुला कोण ओळखत नाही ते!” ल्येनने निळा झगा इस्त्री करून ठेवला होता. माहेरी पाठवायला फोटोची एक प्रतही तिने मागून ठेवली होती.

सकाळची गर्दी ओसरली आणि फोटोवाला आला. ल्येन झगा घालून, केस विंचरून बाहेर आली.

“अगं बाई, तू कुठे निघालीस?” आजी म्हणाल्या. “रस्सा कोण बघणार? जा आत.”

ल्येनने नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्च्या सरळ करू लागला. “पुढच्या वेळी गं,” तो पुटपुटला. “पाटीवर तुझा चेहरा दिसला तर... गिऱ्हाईक काय म्हणेल?”

ती आत गेली. खिडकीतून तिने पाहिलं, तिच्या जागी दे-शिक उभा होता. मध्ये सात वर्षांची दासोम, तोंड फुगवून. तिला हसवावं म्हणून फोटोवाला म्हणाला, “काय गं चिमणे, आई कुठंय तुझी?”

“आई सोलला असते. नोकरीला,” दासोम पाठ केल्यासारखं म्हणाली. मग खिडकीकडे वळून तिने हाक मारली, “मावशी, काकांना पाणी आणा ना!”

दे-शिकने खिशातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. “शहाणी माझी!”

ल्येनच्या हातातला पळा हातातच राहिला. पोर चुकून बोलली नव्हती, हे त्या गोळीवरूनच कळलं. नवऱ्याने केसाने गळा कापला होता, आणि तोही पोटच्या पोरीच्या तोंडून. तिने गॅस बंद केला, पाण्याचा पेला भरला, बाहेर येऊन तो दोन्ही हातांनी फोटोवाल्यासमोर ठेवला. मग ती नवऱ्याकडे वळली.

“हिला कुणी शिकवलं?”

“हळू बोल. फोटोवाला ऐकतोय.”

“कुणी शिकवलं?”

“धंद्यासाठी गं! फक्त दुकानात. घरी आईच म्हणते ना तुला? मागे एका गिऱ्हाईक बाईला कळलं, की आत परदेशी सून रांधते, तर भांडं ढकलून उठून गेली. विसरलीस?”

“ते भांडं मी घासलं,” ल्येन म्हणाली. “रिकामं होतं. चाटूनपुसून खाल्लं होतं.”

फोटोवाला कॅमेरा आवरून, दार ओढून घेत गुपचूप बाहेर सटकला. आजी गल्ल्यावरून उठल्या. “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? छप्पर दिलं, नाव दिलं तुला!”

“नाव माझ्याजवळ होतं, सासूबाई.”

ती दासोमपुढे खाली बसली. “बाळा, सांग, मी कोण?”

दासोमने आधी एकेक टेबल पाहिलं. सगळी रिकामी होती. मग दाराकडे पाहिलं, ते बंद होतं. तेव्हा कुठे ती आईच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “आई.”

ल्येनला रडू फुटलं. ‘आई’ हा कुणी नसताना बोलायचा शब्द आहे, हे तिच्या लेकराला कुणीतरी पद्धतशीर शिकवलं होतं, आणि ती स्वतः चार हातांवर आत रस्सा ढवळत होती.

डोळे पुसून ती उठली आणि तिने दार सताड उघडलं. बाहेर दुपारच्या जेवणाची रांग लागली होती. आम्ही दहा-बारा जण होतो, सगळे रोजचे.

“आता म्हण,” ती दासोमला म्हणाली.

“अगं, रस्सा निवतोय! लोक खोळंबलेत!” दे-शिक काकुळतीला आला.

“सासूबाईंच्या हाताला चव आहे ना? मग त्या करतील. हिने सगळ्यांसमोर हाक मारल्याशिवाय मी गॅस पेटवायची नाही.”

आमच्यातला एकजण घड्याळ बघत होता. मागून कुणीतरी ओरडलं, “मावशी, आज जेवण मिळणार की नाही?”

दासोम उंबऱ्यावर उभी राहून आमच्या तोंडांकडे बघू लागली, एकेकाच्या, नीट निरखून. आम्हाला काय ऐकायला आवडेल, हे ती शोधत होती. सहा वर्षं तिच्या आईच्या हातचं जेवलेले आम्ही सगळे गप्प उभे होतो.